कालवांचे बी आणि समुद्राची थकबाकी

(किनारपट्टीतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

संयोजकांनी मला अर्थकारणावर बोलावयास सांगितले आहे आणि मी कालवांवर बोलणार आहे. हे विषयांतर नव्हे. ज्या व्यवहारात नफा एकाच्या खात्यावर जमा होतो आणि तोटा दुसऱ्याच्याच खात्यावर लिहिला जातो, त्या व्यवहाराचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या ३४ वर्षांच्या अध्यापनात मला क्वचितच सापडले. विद्यार्थ्यांना शिकविताना ते मला ठाऊक नव्हते, याची खंत आहे. म्हणून ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न माझ्या मनात घातला तो आमच्या गावच्या एका वृद्ध बाईंनी. खाडीत सुकतीच्या वेळी उतरून तिसऱ्या, खुबे, कालवे काढावयाची आणि बाजाराच्या रस्त्यावर वाटे लावून विकावयाची, हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्या घरी त्यांचे येणेजाणे. निवृत्तीनंतर गावी गेलो असता त्यांनी मला थांबविले आणि विचारले, “अरे, तू येवढो शिकलंस, कॉलेजात शिकवलंस. मगे माका सांग, मोठो माल गावता, बारीक कित्याक दिसणा नाय? बी खंय गेला?”

मी निरुत्तर झालो. परंतु प्रश्नाचा नेमकेपणा मनात राहिला. माल कमी झाला अशी ती तक्रार नव्हती. मोठा माल आहे, लहान नाही, असे त्या सांगत होत्या. म्हणजे खाडीत मरण वाढल्याचे नव्हे, तर जन्म आटल्याचे त्यांच्या हाताला जाणवले होते. आज वाट्यात दिसणारी तिसरी ही मागे केव्हातरी रुजलेल्या बियांची असते. बी रुजणे थांबले तरी काही काळ बाजारातील टोपली भरलेलीच दिसते. आपली आकडेवारी टोपली मोजते. सरकारी तक्त्यात उत्पादन असते, पुनरुत्पादन नसते. त्या बाईंनी अर्थशास्त्राच्या एका मोठ्या उणिवेवर बोट ठेवले होते.

या प्रश्नाचा शोध घेत मी वाचीत गेलो तेव्हा असे आढळले, की हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, यापूर्वी विचारला गेला आहे आणि तेथे त्याचे उत्तरही मिळाले आहे. ती हकीकत प्रथम सांगतो.

ऑरेगन राज्यात नेटार्ट्स नावाचा एक लहानसा उपसागर आहे. त्याच्या काठी व्हिस्की क्रीक नावाचे कालवांचे बीजोत्पादन केंद्र आहे. त्या किनाऱ्यावर ज्या कालवाची शेती होते ते मूळचे जपानचे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याचे बी जपानहून आणून तेथे लावण्यात आले. तेथील पाणी थंड असल्यामुळे हे कालव स्वतःहून नियमितपणे प्रजनन करीत नाही. विलापा उपसागरासारख्या मोजक्या जागी तेवढे करते. म्हणून त्या किनाऱ्यावरील बहुसंख्य कालवशेतकरी बियांसाठी दोन-तीन केंद्रांवर अवलंबून असतात. केंद्रातील टाक्यांत अंडी फलित करावयाची, दोन-तीन आठवडे पिल्ले वाढवावयाची, आणि ती बसण्याजोगी झाली की ओलसर फडक्यात गुंडाळून शेतकऱ्याकडे पाठवावयाची. मुठीत मावेल एवढ्या गोळ्यात लक्षावधी पिल्ले असतात. शेतकरी ती जुन्या शिंपांवर बसवितो आणि त्यांचे पीक घेतो. आपल्याकडे भाताच्या बियाण्याला जे महत्त्व, तेच तेथे या गोळ्याला.

२००५ पासून विलापा उपसागरात नैसर्गिक बी रुजेनासे झाले. पुढे २००७ च्या उन्हाळ्यात व्हिस्की क्रीकच्या टाक्यांतील पिल्ले कोट्यवधींनी मरू लागली. प्रथम संशय आला तो एका रोगजंतूवर. तो जंतू तेथे खरोखरच होता. केंद्राने खर्च करून पाणी गाळण्याची व निर्जंतुक करण्याची यंत्रणा बसविली. जंतू नाहीसे झाले, पण पिल्ले मरतच राहिली. २००८ साली उत्पादन निम्म्याहून कितीतरी खाली घसरले. वॉशिंग्टन राज्यातील दुसऱ्या एका मोठ्या केंद्राचीही तीच गत झाली. चुकीच्या आरोपीला शिक्षा देऊन झाली होती आणि खरा गुन्हेगार मोकळा होता.

खरा गुन्हेगार दाखविला तो समुद्ररसायनाच्या अभ्यासकांनी. अमेरिकेच्या समुद्र व वातावरणविषयक सरकारी संस्थेतील रिचर्ड फीली आणि त्यांचे सहकारी २००७ साली त्याच किनाऱ्यालगत जहाजाने हिंडून पाण्याचे नमुने घेत होते. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला. ज्या पाण्यात शिंपल्याचा चुना विरघळू लागतो असे पाणी खोल समुद्रातून वर येऊन किनाऱ्याच्या उथळ भागात पसरले आहे, असा तो निष्कर्ष होता.

हे पाणी वर कसे येते? उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारा वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे त्या वाऱ्याने वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. ही क्रिया प्राचीन आहे आणि त्या किनाऱ्याच्या समृद्धीचे तेच कारण आहे, कारण तळपाणी खतासारखे असते. परंतु तळपाण्यात कार्बन डायऑक्साइडही, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील कर्बवायूही, मुळातच अधिक असतो. वरून गळणारे जैविक द्रव्य तेथे कुजते आणि तो वायू साठत राहतो. नवे आहे ते एवढेच, की या नैसर्गिक साठ्यात माणसाने कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या वायूचा वाटा मिसळला आहे. आपण दरवर्षी जेवढा कर्बवायू हवेत सोडतो त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. काठाशी आलेल्या पेल्यात आणखी एक चमचा ओतावा, तसे झाले.

मित्रहो, यातील पुढचा तपशील अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला थक्क करणारा आहे. आज वर येणारे हे पाणी हवेच्या संपर्कात शेवटचे आले होते ते सुमारे ३० ते ५० वर्षांपूर्वी. म्हणजे २००७ साली ज्या पाण्याने पिल्ले मारली, त्या पाण्याने आपला कर्बवायू १९६० ते १९८० च्या सुमारास घेतला होता. त्यानंतर हवेतील कर्बवायू वाढतच गेला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. आजचे पाणी आजची पावती घेऊन खाली गेले आहे, आणि ती हुंडी आणखी तीस-चाळीस वर्षांनी किनाऱ्यावर वटविली जाणार आहे. तीत आता बदल करता येणार नाही.

रसायनाचा भाग थोडक्यात सांगतो. कर्बवायू पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल तयार होते. शेतकरी ज्याला जमिनीचा सामू म्हणतात तोच समुद्रालाही असतो. पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू पूर्वी सुमारे ८.२ होता, तो सुमारे ८.१ वर आला आहे. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु सामूची मोजपट्टी साध्या बेरजेची नसून पटीची आहे. त्यामुळे या एका दशांशाचा अर्थ पाण्यातील आम्लकारक हायड्रोजन आयन जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले असा होतो. समुद्र आम्ल झालेला नाही, तो अल्कधर्मीच आहे. पण हे वाढलेले आयन पाण्यातील कार्बोनेट पकडून ठेवतात, आणि शिंप बांधण्यासाठी कालवाला तेच कार्बोनेट लागते. घर बांधणाऱ्याच्या दारातून चुन्याच्या गोण्या उचलून न्याव्यात, तसा हा प्रकार आहे.

मोठ्या कालवाला याचा त्रास होतो, पण ते तग धरते. त्याच्यापाशी जाड शिंप असते, अन्न मिळविण्याचे साधन असते. प्रश्न आहे तो जन्माच्या घटकेचा. या कालवाची मादी कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते, नर शुक्रबीज सोडतो, आणि उघड्या पाण्यातच फलन होते. एका दिवसाच्या आत पोहणारे सूक्ष्म पिल्लू तयार होते. जीवशास्त्रात त्याला डिंभ म्हणतात. दोन दिवसांत या डिंभाला आपली पहिली शिंप बांधून पुरी करावी लागते. ऑरेगन राज्य विद्यापीठातील जॉर्ज वाल्डबसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले, की पहिल्या ४८ तासांत हा जीव आपल्या शरीराच्या वजनाच्या सुमारे ९० टक्के इतका चुना घडवितो. पुढे आयुष्यात कधीही तो इतक्या वेगाने बांधकाम करीत नाही.

आणि हे सर्व कोणत्या भांडवलावर? या काळात डिंभाला अन्न घेता येत नाही, त्याचे अवयव तयार झालेले नसतात. आईने अंड्यात ठेवलेली शिदोरी हेच त्याचे मुद्दल. मिळकत शून्य. पाण्यात कार्बोनेट मुबलक असेल तर घर स्वस्तात बांधून होते आणि शिदोरी उरते. ते दुर्मीळ असेल तर तीच शिंप बांधावयास अधिक शक्ती खर्ची पडते, आणि तोंड उघडून पहिला घास घेण्यापूर्वीच मुद्दल संपते. आम्लाने शिंप विरघळली म्हणून पिल्लू मेले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घडते ते याहून करुण आहे. ते घर बांधता बांधता उपाशी मरते.

याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मरण नेहमी त्याच दिवशी येत नाही. केंद्रातील बार्टन यांनी ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या बर्क हेल्स, वाल्डबसर आणि फीली प्रभृतींसमवेत २०१२ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात असे दिसून आले की पिल्लांची पुढील आठवड्यांतील वाढ आणि अखेरचे उत्पादन यांचा संबंध पहिल्या ४८ तासांतील पाण्याशी जुळतो. म्हणजे पिल्लू खुरटलेले दिसते पंधराव्या दिवशी, आणि त्याचे कारण असते पहिल्या दिवशी. पंधराव्या दिवसाचे पाणी तपासून काही हाती लागत नाही. आपल्या समाजातील कुपोषणाच्या प्रश्नावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या किनाऱ्यावर मूळचे एक देशी कालवही आहे, ऑलिंपिया नावाचे. आकाराने लहान, वाढीला सावकाश. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारासाठी त्याचा इतका उपसा झाला की ते जवळजवळ संपले, आणि म्हणूनच जपानी कालव आणावे लागले. हे देशी कालव आपली पिल्ले प्रारंभीचे काही दिवस स्वतःच्या शिंपेत सांभाळते आणि त्यांची शिंपही संथपणे बांधली जाते. २०१६ साली वाल्डबसर आणि सहकाऱ्यांनी असे दाखविले, की या संथपणामुळेच ते अशा पाण्याला अधिक टिकून राहू शकते. बाजाराने ज्याला मंद म्हणून मोडीत काढले, त्याच्यापाशीच संकटात टिकण्याचा गुण होता. उत्पादनाचा वेग हाच गुणवत्तेचा निकष मानणाऱ्या सर्व विचारसरणींनी, त्यांत आपलीही आली, याचा विचार करावा.

आता उपायाकडे वळू. केंद्राने काय केले? प्रथम पाणी मोजावयास आरंभ केला. हेल्स यांनी तयार केलेल्या उपकरणाने पाण्यातील कर्बवायूची घडोघडीची नोंद होऊ लागली. तेव्हा कळले की उपसागरातील पाणी सकाळी वाईट असते आणि दुपारनंतर सुधारते, कारण दिवसभर सूर्यप्रकाशात तेथील समुद्रगवत कर्बवायू शोषून घेते. म्हणून टाक्या दुपारनंतर भरू लागले. उत्तरेचा वारा जोराचा असेल तेव्हा पाणी घेणे टाळू लागले. आणि जे पाणी घ्यावे लागते त्यात धुण्याच्या सोड्याच्या जातीचा सोडियम कार्बोनेट मोजून मिसळू लागले. पिल्ले जगू लागली, केंद्र वाचले.

हे श्रेय कोणाचे? कालवशेतकऱ्यांच्या जिद्दीचे ते निःसंशय आहे. परंतु फीली यांचे जहाज सार्वजनिक पैशावर चालले होते, विद्यापीठ राज्याचे होते, आणि केंद्रांजवळ पाणी मोजणारी उपकरणे बसविण्यासाठी सुमारे ५ लक्ष डॉलर आले ते केंद्र सरकारच्या निधीतून. वॉशिंग्टन राज्यात शिंपल्यांच्या धंद्यावर प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारे ३२०० रोजगार आणि २७ कोटी डॉलरची वार्षिक उलाढाल अवलंबून असल्याचा तेथील अंदाज होता. २०१२ साली राज्यपाल ख्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी शास्त्रज्ञ, शेतकरी आणि आदिवासी जमातींचे प्रतिनिधी यांना एकत्र बसवून समिती नेमली आणि तिच्या अहवालावर त्याच वर्षी कार्यवाहीचा आदेश काढला. बाजाराच्या अदृश्य हाताने हे केले नाही. त्या हाताला कार्बोनेट मोजता येत नाही.

परंतु येथे थांबून टाळ्या वाजविणे योग्य होणार नाही. टाकीतील पाण्यात सोडा टाकता येतो, समुद्रात टाकता येत नाही. ज्यांच्यापाशी भांडवल होते त्यांना आणखीही एक वाट मोकळी होती. वॉशिंग्टनमधील एका कुटुंबाच्या कंपनीने आपले बीजोत्पादन थेट हवाई बेटांवर हलविले. उघड्या किनाऱ्यावर आपोआप रुजणाऱ्या शिंपल्यांना हवाईला जाता येत नाही, आणि त्या वेचणाऱ्यांनाही नाही. वॉशिंग्टनच्या आदिवासी जमातींनी १८५४-५५ च्या करारांन्वये आपल्या भूमी सोडून दिल्या, पण किनाऱ्यावरील मासे व शिंपले घेण्याचा हक्क राखून ठेवला. हा हक्क मान्य होऊन पकडण्याजोग्या शिंपल्यांच्या निम्म्या वाट्यावर त्यांचा अधिकार असल्याचा न्यायालयीन निर्णय मिळावयास १९९४ साल उजाडले. आता विचार करा, बीच रुजेनासे झाले तर निम्मा वाटा कशाचा? हक्क कागदावर शाबूत राहील आणि वाळू रिकामी राहील. कोणीही तो हक्क हिरावला असे म्हणता येणार नाही. कोणावर दावा लावता येणार नाही.

आमच्या शास्त्रात या प्रश्नाला जुने नाव आहे. पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात रेल्वे-इंजिनाच्या ठिणग्यांनी भोवतालचे रान जळते त्याचे उदाहरण दिले. रेल्वेच्या खर्चात ते जळित धरले जात नाही, म्हणून शासनाने कर बसवून ते धरावयास लावावे, असा त्यांचा विचार. १९६० साली कोस म्हणाले, की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर रेल्वे आणि शेतकरी आपसांत तडजोड करतील. पण येथे ठिणगी चाळीस वर्षांनी पडते. इंजिन हाकणारा तोवर हयात नसतो, रान दुसऱ्याच देशात असते, आणि जळतो तो अजून जन्माला यावयाचा असतो. कोणी कोणाशी वाटाघाट करावयाची? कॅप यांनी १९५० साली ‘खासगी उद्योगाचा सामाजिक खर्च’ या विषयावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्यावर खर्च ढकलणे हा बाजारव्यवस्थेतील अपवाद नसून तिची रीतच आहे, हे त्यांचे प्रतिपादन मला कालवांच्या या हकिकतीत अक्षरशः खरे झालेले दिसते.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा श्रीमंत देशांनी करून ठेवलेला अनर्थ आहे, आपण का चिंता करावी? पहिला भाग खरा आहे. आजवर कोळसा-तेल जाळून सोडल्या गेलेल्या कर्बवायूपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा चार टक्क्यांच्या आतबाहेर. ही विषमता आपण प्रत्येक व्यासपीठावर मांडलीच पाहिजे. परंतु वार्षिक हिशेबात आज आपणही जगात तिसऱ्या क्रमांकावर आहोत, आणि समुद्र सातबारा पाहून आम्ल वाटत नाही. शिवाय आपल्या देशातही जाळणारे आणि भोगणारे एक नाहीत. वातानुकूलित घरातील माणूस आणि सुकतीला गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई यांची सरासरी काढून दरडोई आकडा सांगणे, हाही ठिणगी लपविण्याचाच प्रकार आहे.

तेव्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतही खोलचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. केरळ-कर्नाटकाकडे ही क्रिया अधिक प्रबळ आहे, उत्तरेकडे मंदावते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की या किनाऱ्याच्या उथळ भागातील प्राणवायूची टंचाई तीव्र होत आहे, आणि त्यामागे जमिनीवरून वाहून येणाऱ्या नत्राचा हात असावा. सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू खर्च होतो आणि कर्बवायू सुटतो. एकाच व्यवहाराच्या या नावे आणि जमा अशा दोन बाजू आहेत. म्हणून जेथे प्राणवायू कमी, तेथे पाणी आम्लतेकडे झुकलेले असते. खाडीत सोडलेले गटाराचे आणि कारखान्याचे सांडपाणी हेच काम गावपातळीवर करते.

त्यात आपल्या खाड्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आत लोटते, खारेपणा एकदम उतरतो, पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट पातळ होतात. पाऊस सरला की खारेपणा चढू लागतो. आपल्याकडील अनेक शिंपल्यांचे प्रजनन या चढउताराशी बांधलेले आहे. अरबी समुद्राचे तापमान वाढत आहे, आणि उबदार पाण्यात डिंभाची शिदोरी अधिक वेगाने खर्च होते. पाऊस लांबला किंवा थोड्या दिवसांत कोसळला, तर अंडी सोडण्याची घटका आणि अनुकूल पाण्याची घटका यांची चुकामूक होऊ शकते.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. खाडीत बारीक तिसरी दिसली नाही की समुद्राच्या आम्लतेवर बोट ठेवून मोकळे होऊ नये. वाळूचा उपसा, गाळ, सांडपाणी, अतिरिक्त वेचणी यांपैकी कोणतेही कारण असू शकते, किंवा सगळी मिळून असू शकतात. ऑरेगनच्या लोकांनी प्रथम जंतूला दोषी ठरविले होते. मोजल्यावाचून आरोप करणे ही त्यांची चूक आपण विरुद्ध दिशेने करू नये. जो वाळू उपसतो त्याला तर ‘हे सगळे हवामानबदलामुळे’ हे उत्तर फारच सोयीचे पडेल.

मग करावयाचे काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, पाणी मोजणे. कार्बोनेटचे अचूक मापन प्रयोगशाळेतच होते, हे खरे. पण रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय संस्था आहे. प्रत्येक मोठ्या खाडीत ठरावीक जागी, ठरावीक दिवशी नमुने घ्या आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, अशी मागणी आपण का करू नये? तापमान, खारेपणा आणि सामू यांची नोंद तर शाळेतील मुलेही करू शकतील. जुन्या शिंपांच्या माळा पाण्यात टांगून दर पंधरवड्याला त्यांवर किती बी बसले ते मोजणे, ही जगभर वापरली जाणारी साधी रीत आहे. पाच-सात वर्षांची अशी वही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक काम करील.

दुसरी, माणसे मोजणे. आपल्याकडे मच्छीमार म्हटले की होडी आणि जाळे असलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, तिची चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. पण जिच्यापाशी होडी नाही, जाळे नाही, केवळ हात आणि टोपली आहे, तिचा धंदा कोणत्या नोंदीत? ती नोंदीत नसेल तर तिचे नुकसानही नोंदीत येणार नाही. बी आटले तर कालवशेतकऱ्याला कारखाना बुडाल्यासारखे दिसते. हिचे केवळ रोजचे कालवण कमी होते, आणि त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही.

तिसरी, वेचणाऱ्यांनी स्वतः नियम करणे. केरळातील अष्टमुडी कायलात निर्यातीसाठी तिसऱ्यांचा उपसा वाढून साठा घसरला, तेव्हा १९९३ पासून प्रजननकाळात वेचणी बंद ठेवण्याचा आणि लहान माल न काढण्याचा नियम लागू झाला. त्या मासेमारीला २०१४ साली आंतरराष्ट्रीय मान्यतापत्र मिळाले, भारतातील ते पहिले. पुढे तेथील साठा पुन्हा खालावला आणि सरकारी संशोधन संस्थेला बी तयार करून कायलात सोडावे लागले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. संयमाचा उपयोग होतो. आणि केवळ गरिबाच्या संयमाने भागत नाही. पाणी बिघडविणारा मोकळा राहिला तर वेचणारीने किती दिवस उपाशी राहून खाडी राखावयाची?

मित्रहो, समुद्राची थकबाकी मोठी आहे आणि ती आपल्या एका पिढीत फिटणार नाही. जी पावती खाली गेली आहे ती वर येणारच. परंतु आज कमी जाळले तर चाळीस वर्षांनंतरचे पाणी बरे असेल, आणि सांडपाणी आज थांबविले तर पुढच्या हंगामातील पाणीही काहीसे बरे असेल. पहिले काम राष्ट्रांचे आणि जगाचे आहे, दुसरे आपल्या तालुक्याचे. दुसरे करण्यासाठी पहिल्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

येत्या दिवाळीनंतर मी गावी जाणार आहे. पाऊस सरून खाडी पुन्हा खारी होऊ लागलेली असेल. शिंपांच्या दोन माळा आणि एक वही बरोबर नेण्याचे ठरविले आहे. माळा कोठे टांगावयाच्या हे त्या बाईंनाच विचारीन, कारण बी कोठे धरते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. बी खंय गेला, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशीही देऊ शकणार नाही. पण शोधावयास आरंभ केला आहे, एवढे त्यांच्यापुढे उभे राहून सांगता येईल.